गाडीला धुणाऱ्यापासून वाचवा

सिन्नरमध्ये चारचाकीचा रंग कशाने उतरतो, असं कुणालाही विचारा. संशयितांची यादी तोंडपाठ मिळते. ऊन, धूळ, माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या ट्रकांचा धुराळा, कडुनिंबावर बसणारे कावळे, आणि शेवटी ‘हल्लीचे रंगच तसले’ हे कुठल्याही आजाराला चालणारं निदान. या यादीत एक इसम कधीच नसतो. दर रविवारी सकाळी तो अर्धी पँट घालून, खांद्यावर जुना बनियन टाकून, हातात नळी घेऊन गुन्ह्याच्या जागी उघड हजर असतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत असतो, आणि तरीही त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, कारण तो गाडीचा मालक असतो. या लेखाचं म्हणणं एवढंच, की सिन्नरसारख्या गावात गाडीच्या रंगाची जी झीज होते तिचा मोठा हिस्सा या इसमाच्या नावावर मांडायला हवा. धूळ गाडीवर येऊन नुसती बसते. स्वतःला गाडीवर घासून घेणं तिला जमत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाचं गाडीवर प्रेम असावं लागतं.

आधी, बिघडतं ते नेमकं काय, हे पाहू. गाडीचा रंग म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो काही एकच थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात. चमकतो तो हा शेवटचा थर. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस असतो ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे आठ-दहा लाख रुपये मोजून, त्यातले निम्म्याहून अधिक बँकेकडून उचलून, जी झळाळी आपण पेढे वाटत घरी आणतो ती एका केसापेक्षा पातळ असते. आता समोरचा पक्ष बघा. सिन्नरची काळी माती बेसॉल्टची. तिच्यात फेल्डस्पारचे कण असतात, आणि खनिजांची कठीणता सांगणाऱ्या मोहस् मापावर फेल्डस्पार ६ वर बसतो. बांधकामाच्या वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. खिडकीची काच साडेपाचच्या घरात. लॅकर बिचारा या मापावर उभाच राहत नाही. तो शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. त्यातून हा भाग वाऱ्याचा. पट्टा किल्ल्याच्या बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. शेतातली, रस्त्याच्या कामाची, खडी क्रशरची अशी सगळ्या प्रतींची धूळ इथे घरपोच मिळते.

या पातळ लॅकरची आणि त्या कठीण कणांची गाठ रविवारी सकाळी घालून दिली जाते. विधी ठरलेला आहे. आधी कोरड्या फडक्याने गाडी झटकून घेतात. खरं नुकसान इथेच पूर्ण होतं. पुढचं धुणं म्हणजे उत्तरकार्य. कण फडक्याच्या आणि लॅकरच्या मध्ये सापडतात आणि हाताच्या वजनाखाली बॉनेटभर हिंडतात. मग बादली येते. एकच. तिच्यात फडका बुडवून टपावर, परत बुडवून दारांवर, परत बुडवून चाकांवर, तिथली ब्रेकची काळी भुकटी आणि कडेचा चिखल गोळा करून परत बादलीत, आणि ‘इथे थोडं राहिलं वाटतं’ म्हणत तोच फडका पुन्हा बॉनेटवर. बादलीतलं पाणी तोवर टपरीवरच्या चहासारखं झालेलं असतं, पण ते बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. फडका मधेच हातातून सुटून मातीत पडतो. तो उचलून दोनदा झटकला की शुद्ध झाला, असं आपल्याकडे सर्वमान्य आहे. आणि फडका कुठला? आपल्या घरांत कापडाला एक ठरलेला उतरता प्रवास असतो. बनियन आधी अंगावर, मग रात्री झोपताना, मग फरशीवर, आणि फरशीलाही नकोसा झाला की गाडीला. घरातली सगळ्यांत महाग वस्तू पुसायला घरातलं सगळ्यांत निकामी कापड, तेही शिवणीसकट. हात गोल फिरतो म्हणून चरेही गोल उमटतात. दिवसा सावलीत ते दिसत नाहीत. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी केली की बॉनेटमधल्या दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेषांची जाळी दिसते, तो आपल्या आजवरच्या रविवारांचा हिशेब. काळ्या गाडीवर तो स्पष्ट वाचता येतो. पांढऱ्या गाडीवरही तेवढाच असतो, पण दिसत नाही. पांढऱ्या गाड्या आपल्याकडे इतक्या का खपतात, याच्या कारणांत हेही एक धरायला हरकत नाही.

दुसरा पुरावा पाण्याचा. पिण्याचं पाणी गाडीवर ओतलं तर स्वयंपाकघरातून आवाज येतो, म्हणून गाडीच्या वाट्याला बोअरचं पाणी. ते जड. खडकातून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार ते सोबत घेऊन येतं. बाथरूमच्या नळावर, गिझरच्या कॉइलवर, स्टीलच्या पिंपावर जो पांढरा थर धरतो तो याच पाण्याचा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. हा ६०० चा आकडा धरू. धुऊन झाल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी वाळायला राहिलं, तर पाणी उडून जातं आणि ३०० मिलिग्रॅम क्षार मुक्कामाला राहतात. तेही एका जागी नाही. प्रत्येक थेंब आपल्या कडेला एक पांढरं कडं ठेवून जातो. नऊच्या पुढे ऊन चढलं की ही कडी भाजून पक्की होतात. मग मालकाला वाटतं गाडी नीट धुतलीच गेली नाही, आणि तो ती जोर लावून पुन्हा घासतो. यात गंमत अशी की या दुखण्यावरचं औषध सिन्नरमध्येच काचेच्या कपाटात ठेवलेलं आहे. माळेगाव वसाहतीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या झिओलाइटचे देखणे स्फटिक तिथे मांडलेले आहेत आणि लांबलांबून लोक ते बघायला येतात. झिओलाइटची अंतर्गत रचना जाळीदार असते. पाण्यातलं कॅल्शियम ती आत घेते आणि बदल्यात सोडियम बाहेर सोडते. पाणी मऊ करण्याची सुरुवातीची यंत्रं याच तत्त्वावर चालत. म्हणजे खडकानेच पाणी जड केलं, आणि खडकाच्याच पोटात उताराही ठेवला. (संग्रहालयातले नमुने बादलीत टाकायला मिळत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.)

साबणाबद्दल फार लिहायला नको. कपड्यांची पावडर तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेली असते, आणि वॅक्स तिच्या दृष्टीने तेलकटपणाच. दिवाळीत शेकडो रुपये खर्चून लावलेलं वॅक्स पुढच्या रविवारी दहा रुपयांच्या पुडीत निघून जातं, आणि ते गेल्याचं कळत नाही, कारण दोन्ही वेळा गाडी सारखीच चमकताना दिसते. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासणं हा दुसरा लोकप्रिय इलाज. तो लागू पडतो, कारण पेस्टमधली बारीक भुकटी वरचा पिवळा पापुद्रा खरवडून काढते; उन्हापासून वाचवणारं जे काही संरक्षण हेडलाइटवर उरलेलं असतं तेही त्याबरोबर जातं, आणि काही महिन्यांनी हेडलाइट आधीपेक्षा उत्साहाने पिवळे होतात. टायरला डिझेलचा हात फिरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की खनिज तेलाने रबर फुगतं आणि कमजोर होतं. बाकी टायर काळेभोर दिसतात, यात वाद नाही.

प्रेमाने वस्तू झिजते, हे काही मोटार आल्यावर आपल्याला कळलं असं नाही. महाराष्ट्राला ते देवळांत आधीच कळलेलं आहे. नाशिक जिल्ह्यातच त्र्यंबकेश्वरचं मंदिर जानेवारी २०२३ मध्ये आठवडाभर दर्शनासाठी बंद ठेवावं लागलं, ते पिंडीची झीज थांबवायला वज्रलेप करायचा होता म्हणून. पंढरपुरात विठ्ठलाच्या मूर्तीला २०२० साली वज्रलेप झाला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याने २०१५ साली संवर्धनाचं काम केलं. मूर्ती झिजण्यात वाऱ्यापावसाचा दोष नव्हता. त्या तर गाभाऱ्यात, भिंतींच्या आत होत्या. अभिषेक, दूध, दही, मध, साखर, चोळणं, पुसणं आणि लाखो हातांचा स्पर्श यांनी दगड झिजला. मधाबरोबर साखर चोळली तर ती घासणार, यात श्रद्धेचा काही उणेपणा नाही. तो साखरेचा स्वभाव. शेवटी देवस्थानांनी काय केलं? अभिषेकाला मर्यादा घातली, मूर्तीवर लेप दिला आणि भक्तांना थोडं लांब उभं केलं. याच्या शेजारी गोंदेश्वर ठेवून बघा. सिन्नरचं हे यादवकालीन पंचायतन साधारण बाराव्या शतकातलं. उघड्यावर, उन्हात, धुळीत उभं. त्याची शिल्पं झिजली आहेत, नाही असं नाही, पण त्यासाठी निसर्गाला आठशे वर्षं राबावं लागलं. तेवढंच काम एका हौशी मालकाला एका कर्जाच्या मुदतीत उरकता येतं.

हे ऐकलं की सिरॅमिक कोटिंगवाले लगेच पुढे सरसावतात, कारण त्यांचा मालही सिलिकावर आधारलेला लेपच आहे, आणि तो ‘नऊ एच’ कठीण असल्याचं ते सांगतात. ऐकणाऱ्याला शाळेतली हिऱ्याची गोष्ट आठवते. हिरा दहावर, आपली गाडी नऊवर, म्हणजे वाळूची काय बिशाद! पण हे नऊ मोहस् मापावरचे नाहीत. ते पेन्सिलीचे आहेत. रंगाच्या थरावर एचबी, दोन एच अशा चढत्या पेन्सिली ठरावीक जोराने ओढून बघायची एक चाचणी आहे, आणि नऊ एच ही त्या पेटीतली सगळ्यांत टणक पेन्सिल. तिच्यापासून संरक्षण मिळतं हे खरं, पण सिन्नरच्या रस्त्यांवर गाडीवर पेन्सिलीने हल्ला झाल्याचं ऐकिवात नाही. वाळूचा कण ७ चा, तो या लेपालाही ओरखडतो. लेपाचा फायदा आहे, तो वेगळा. त्याच्यावर पाणी आणि मळ धरून राहत नाहीत, त्यामुळे कमी घासावं लागतं. पण पंचवीस-तीस हजार मोजून आलेला माणूस कमी घासायला आलेला नसतो. पैसे वसूल व्हावेत म्हणून तो दुप्पट घासतो.

वॅक्सची कथा तर आणखी मजेची. चांगल्या वॅक्सच्या डबीवर कर्नाउबा असं लिहिलेलं असतं. हा ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातला एक ताड. पावसाचा भरवसा नाही, ऊन कडक, म्हणून पानांतलं पाणी उडून जाऊ नये यासाठी हे झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. तो थर खरवडून, वितळवून, हजारो मैल लांब डबीत भरून पाठवतात. म्हणजे दुष्काळी भागातल्या एका झाडाने पाणी वाचवण्यासाठी घाम गाळून केलेलं मेण दुष्काळी भागातला एक माणूस विकत घेतो, आणि ते लावण्याआधी गाडीवर तीनशे लिटर पाणी ओततो. शिवाय ते लावतो पॉलिश समजून. पॉलिश आणि वॅक्स यांच्या बाटल्या दुकानात शेजारी-शेजारी असतात आणि काम उलटं असतं: वॅक्स थर चढवतं, पॉलिश थर उतरवतं. गॅरेजात ज्याला ‘रबिंग पॉलिश’ म्हणतात त्यात चरा भरत नाहीत. चऱ्याच्या आजूबाजूचा लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात, म्हणजे चरा दिसेनासा होतो. केसापेक्षा पातळ थरावर हा इलाज किती वेळा करायचा, याचं गणित अवघड नाही, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते कुणी मांडत नाही. याच्या उलट टोकाला थरावर थर चढवत जाणारे असतात. आधीचं न काढता, मळासकट. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरून २०२२ साली हजार किलोंहून जास्त शेंदूर उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांना दिसलं. काही गाड्यांचे डॅशबोर्ड त्याच दिशेने निघालेले आहेत.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सिन्नरची जागा नकाशावर बघावी. पन्नास-साठ किलोमीटरवर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सह्याद्री ओलांडून तोच ढग सिन्नरला येईपर्यंत त्याच्याकडे देण्यासारखं फारसं उरत नाही. इथे पाचशेच्या आसपास, आणि पूर्वेकडच्या गावांत त्याचीही खात्री नाही. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात. गाडी धुतली की पाऊस येतो, असा एक विनोद सगळीकडे सांगतात. सिन्नरला तो लागू पडला असता तर तालुक्याने गाड्या धुण्यासाठी सरकारी अनुदान मागितलं असतं. आता हिशेब. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी येतं. नळी चालू ठेवून, मधे फोन घेऊन, वीस मिनिटं धुतलं की दोनशे ते तीनशे लिटर. जलजीवन मिशनने गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे एका गाडीची आंघोळ चार-पाच माणसांचा दिवस पिऊन टाकते. बंगळूरने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्याला ५,००० रुपये दंड लावला, दिल्लीने त्याच वर्षी मे महिन्यात नळी लावून धुणाऱ्यांना २,००० रुपये. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे तर आपल्याच राज्यातलं. ‘पाणी वाया कुठे जातं, झाडांनाच जातं’ असा एक बचाव असतो. तो उतारावर टिकत नाही. साबण, ब्रेकची भुकटी आणि तेलाचा तवंग घेऊन ते पाणी गटारात आणि गटार सरस्वती नदीच्या पात्रात जातं. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी दारात साबण लावून गाडी धुवायला बंदी आहे, ती नेमकी याच कारणाने.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार असा, की धूळ तशीच ठेवली तर ती रंग खाते. कोरडी धूळ खात नाही. तिला हात लावेपर्यंत ती निरुपद्रवी असते. पण सरसकट ‘मळ’ म्हणून जे काही आपण एका गाठोड्यात बांधतो त्यात खरे गुन्हेगार आहेत, हे मान्य करायला हवं. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात लॅकर तापून मऊ पडतो, ती त्यात बसते, आणि गार होताना लॅकर तिच्याभोवती आकसून खड्डा कायमचा होतो. आंब्याखाली गाडी लावली की तुडतुड्यांचा चिकटा. समृद्धी महामार्गावरून रात्री गोंद्याला उतरलात तर पुढच्या बंपरवर मेलेल्या किड्यांचा थर असतो, तोही रंगाला वाईट. या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी, ओल्या फडक्याने भिजवून, उचलून घ्याव्या लागतात. विनोद असा की नेमक्या याच गोष्टी रविवारपर्यंत थांबतात. कावळ्याचं काम सोमवारचं असलं तरी मालकाचा मुहूर्त ठरलेला.

दुसरा आक्षेप विकताना मिळणाऱ्या किमतीचा. जुनी गाडी घेणारा आपल्याकडचा माणूस रंगावर भुलत नाही. तो दारांच्या फटी बघतो, पत्र्यावर टिचक्या मारतो, डिकीतल्या स्टेपनीखाली हात घालतो, किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही आणि सोबत एक ‘जाणकार’ घेऊन येतो, ज्याचं काम तोंड वाकडं करणं एवढंच असतं. गाडी फारच चमकत असेल तर हा जाणकार पहिलं वाक्य बोलतो, ‘नवीन रंग मारलाय वाटतं, ठोकलेली असणार.’ तिसरा आक्षेप असा, की घरी नको तर वॉशिंग सेंटरवर द्यावी. द्यावी, पण आधी पाच मिनिटं तिथे उभं राहून बघावं. जोराच्या पाण्याने सुटी धूळ निघते, हा मोठा फायदा. मात्र तुमच्या आधी शेतातून आलेला ट्रॅक्टर आणि कांद्याची पिकअप धुतली गेली असेल, आणि तिघांना फडका एकच असेल, तर नांदूर शिंगोट्याच्या मार्केटपर्यंतचे सगळे रस्ते तुमच्या बॉनेटवर येऊन गेले म्हणायचे.

चौथा आक्षेप कुणी तोंडाने काढत नाही, पण खरा तोच. गाडी धुवायला बरं वाटतं. आठवडाभर कंपनीत पाळ्या केलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने केलेलं आणि लगेच डोळ्यांना दिसणारं काम हवं असतं. शिवाय ते चार लोकांनी बघितलेलंही हवं असतं. याचा पुरावा गाडीवरच सापडतो. रस्त्याकडची बाजू नेहमी भिंतीकडच्या बाजूपेक्षा स्वच्छ असते. टप कुणाला दिसत नाही, म्हणून त्याच्यावर नळीचा एक फवारा जातो आणि काम संपतं. आत, सीटच्या फटीत मागच्या सहलीचा चिवडा असतो आणि पायाखालच्या चटईखाली सुटे पैसे आणि वाळू. धुणं जर स्वच्छतेसाठी असतं तर सुरुवात आतून झाली असती, कारण माणूस आत बसतो. जो गृहस्थ घरात चहाची कपबशी विसळत नाही तो बाहेर दोन तास चाकाचे नट घासतो, हे कोडं त्याच्या घरातल्या मंडळींना पडलेलं असतं. त्याचं उत्तर सोपं आहे: कपबशीला रस्त्याकडची बाजू नसते. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधायचंही नाही. माणसाने आपल्या कष्टाची वस्तू मिरवावी. तक्रार फक्त हत्यारांबद्दल आणि वारंवारतेबद्दल आहे.

तेव्हा रविवार बंद करा असं कुणी म्हणत नाही. दर रविवारऐवजी महिन्यातून एक-दोन रविवार ठेवा, आणि मिरवायचा वेळ गप्पांत घालवा. कोरडा फडका गाडीला लावूच नका. धुवायचं त्या दिवशी ऊन चढायच्या आत, सावलीत, पत्रा गार असताना धुवा. नळी नको, मगाने पाणी ओतून आधी सुटी धूळ वाहून जाऊ द्या. बादल्या दोन ठेवा, एक शाम्पूच्या पाण्याची आणि एक फडका खळबळायला. पाणी तेवढंच, तीस-चाळीस लिटर. टपापासून खाली या आणि चाकांचा फडका वेगळा ठेवा. मायक्रोफायबरचा कपडा दोन-अडीचशे रुपयांत मिळतो; बनियनला फरशीवरच निवृत्त होऊ द्या. शेवटी बोअरचं पाणी अंगावर वाळू न देता टिपून घ्या, घासू नका. काचा मात्र रोज पुसा. काच लॅकरपेक्षा पुष्कळ कठीण आहे, ओल्या फडक्याला ती पुरून उरते, आणि पुणे हायवेला समोरून येणारा ट्रक दिसणं हे चमकेपेक्षा महत्त्वाचं. दसऱ्याला स्वस्तिक काढायचं तर काचेवर काढा. बॉनेटवरचं ओलं कुंकू पूजेनंतर लगेच टिपून घेतलं तर देवाची हरकत नसावी. आणि गाडीवर धूळ साचलेली बघून बोटाने ‘मला धुवा’ असं लिहून पळणारी जी पोरं गल्लीत असतात, त्यांना तेवढं आवरा. लिहिणाऱ्याच्या बोटाखाली वाळू असते, आणि ते अक्षर गाडी धुतल्यावरही वाचता येतं.